स्वस्त परगण्यांतील महाग भाकरी

शहरांत राहणाऱ्या गृहस्थाच्या मनांत खेड्याविषयीं एक गोड समज घर करून असतो. तेथें घरभाडें नाममात्र, दूधदुभतें दाराशीं, भाजीपाला परसांत आणि गरजा थोड्या; तेव्हां मिळकत कमी असली तरी माणूस तेवढ्यांत सुखानें राहतो, असा तो समज आहे. महिन्याच्या अखेरीस वाण्याचें बिल पाहून ज्याचा जीव मेटाकुटीस येतो, त्याला असें वाटल्यास नवल नाहीं. परंतु स्वस्ताई नुसत्या भावावरून ओळखतां येत नाहीं. भाव आणि मजुरी यांचा मेळ बसला म्हणजेच ती अनुभवास येते. हा मेळ मोडला म्हणजे गरीब संसाराची काय दशा होते, याचा पै-पैच्या हिशेबासह टिपून ठेवलेला एक दाखला इंग्लंडच्या इतिहासांत सांपडतो. तो सव्वादोनशें वर्षांहून अधिक जुना असला, तरी त्यांतून निघालेला प्रश्न अजून शिळा झालेला नाहीं.

लंडनच्या पश्चिमेस बर्कशायर नांवाचा परगणा आहे. अठराव्या शतकांत थेम्स नदी ही त्याची उत्तरसीमा होती. जमीन सकस, गहू आणि जव यांचें पीक भरघोस, मेंढरांचे कळप मोठे. रेडिंग आणि न्यूबरी या तेथील मुख्य पेठा. इ. स. १७२३ मध्यें केनेट नदीवरील जलमार्ग पुरा झाला आणि न्यूबरीचें धान्य होड्यांतून थेट लंडनकडे जाऊं लागलें. धान्य जेथें पिकतें तेथें तें स्वस्त असावें, असा लोकांचा अंदाज असतो. येथें मात्र धान्य ज्या वाटेनें लंडनला गेलें, त्याच वाटेनें लंडनचा भाव खेड्यांत येऊन पोंचला. मजुरी तेवढी खेड्याचीच राहिली.

या परगण्यांतील बार्कम नांवाच्या लहानशा गांवीं १७८२ सालीं डेव्हिड डेव्हिस हे पाद्री म्हणून आले. ते मूळचे वेल्सचे. गांवांतील मजूर कष्टाळू असूनहि त्यांचीं मुलें उघडीं-अनवाणी आणि घरें रिकामीं, हें त्यांच्या नजरेस पडलें. सुखवस्तु लोकांचें उत्तर ठरलेलें होतें: गरीब उधळे असतात, म्हणून ते गरीब राहतात. डेव्हिसांनीं या उत्तरावर व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं हिशेब मांडला. १७८७ सालीं त्यांनीं गांवांतील सहा कुटुंबांचा आठवड्याचा जमाखर्च लिहून घेतला. पुढें मित्रांकडून इतर परगण्यांतील असेच हिशेब मिळविले आणि १७९५ सालीं शेतमजुरांच्या स्थितीवरील आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें.

त्यांतील पहिलें कुटुंब सात माणसांचें होतें: नवरा, बायको आणि पांच मुलें. सर्वांत वडील मूल आठ वर्षांचें, धाकटें तान्हें. त्या वेळीं बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होई. नवऱ्याची मजुरी वर्षाचे आठ महिने आठवड्यास ७ शिलिंग. उरलेले चार महिने उक्तें काम करून तो कांहीं अधिक मिळवी, म्हणून सरासरी ८ शिलिंग धरली आहे. बायकोची भर ६ पेनींची. एकूण आठवड्याची प्राप्ति साडेआठ शिलिंग.

आतां खर्च पाहावा. सवासहा शिलिंग नुसत्या पिठाचे. सात माणसांत आठवड्याला एक पौंड खारवलेलें डुकराचें मांस, तेंहि पाल्याबरोबर दोन-तीन वेळां पुरवून. चहा एक औंस, थोडी साखर, थोडें लोणी. मग मीठ, साबण, मेणबत्त्या आणि फाटकें शिवण्यासाठीं दोरा. बेरीज ८ शिलिंग ११। पेनी. म्हणजे नुसत्या पोटापाण्यालाच पांच पेनींहून अधिक तूट. घरभाडें, सरपण, कपडे, जोडे, बाळंतपण आणि दुखणें हीं यांत नाहींतच. त्यांसाठीं डेव्हिसांनीं वर्षाला ६ पौंड धरले आहेत. सर्व मिळून वर्षाची तूट सात पौंडांवर जाते. ही तूट भरून निघण्याच्या वाटा म्हणजे उधारी, भीक किंवा चोरी. नाहीं तर जोडे न घेणें आणि चूल न पेटविणें.

उधळपट्टीचा आरोप करणाऱ्यांचें बोट नेमकें त्या एक औंस चहावर होतें. डेव्हिसांनीं त्याचें उत्तर दिलें आहे. मजुराचा चहा म्हणजे विहिरीचें पाणी. त्याला अगदीं हलक्या पत्तीचा रंग आलेला. मजूर तो पितो, कारण त्याला दूध मिळेनासें झालें आणि करामुळें घरची बीअर परवडेनाशी झाली. चहा हें दारिद्र्याचें कारण नव्हतें. दारिद्र्यामुळेंच तो घरांत आला होता.

दूध कां मिळेनासें झालें, हा खरा प्रश्न. पूर्वीं गांवाला गायरान असे. मजूर त्यावर गाय किंवा चार बदकें पाळी, झुडपें तोडून सरपण आणी. हें कोणत्याहि मजुरीच्या हिशेबांत येत नसे, पण संसार त्यावर तरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पार्लमेंटच्या कायद्यांनीं दक्षिण आणि मध्य इंग्लंडांतील कितीतरी गायरानें व मोकळीं शेतें कुंपणाखालीं गेलीं. लहान शेतें मोडून मोठीं झालीं. लहान शेतकरी शेजाऱ्याला शेर-अर्धा शेर दूध किंवा पायलीभर गहू देई; मोठा शेतकरी गाडीभर धान्य एकदम व्यापाऱ्याला विकी, आणि मजुराला तेंच दुकानदाराकडून किरकोळ भावानें घ्यावें लागे. बायका घरीं सूत काढीत. यंत्रें आलीं तशी ती प्राप्तिहि आटत गेली. सुगीनंतर शेतांतला सरवा वेचण्याची चाल होती. पण १७८८ सालीं इंग्लंडच्या न्यायालयानें निकाल दिला कीं, सरवा वेचणें हा कायद्यानें कोणाचा हक्क होत नाहीं. अशा रीतीनें फुकटच्या गोष्टी एकामागून एक विकतच्या झाल्या, आणि विकत घेण्याचें साधन मात्र पूर्वीं होतें तेवढेंच उरलें.

१७९७ सालीं सर फ्रेडरिक मॉर्टन ईडन यांनीं गरिबांच्या स्थितीवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यांनीं दाखविलें कीं, उत्तरेकडील मजूर ओटच्या पिठाची आंबील, जवाचें कालवण आणि बटाटे यांवर थोडक्यांत भागवितो. दक्षिणेकडील मजूर मात्र गव्हाचा पाव आणि चीज सोडीत नाहीं. हें निरीक्षण खरें होतें. पण आंबील शिजवावयास विस्तव लागतो आणि तिच्याबरोबर दूध लागतें. उत्तरेस कोळसा स्वस्त होता. बर्कशायरच्या मजुराला सरपण महाग आणि दूध दुर्मिळ. विकत आणलेला पाव शिजवावा लागत नाहीं, एवढ्यासाठींच तो त्याला धरून बसला होता.

अशा स्थितींत १७९५ साल उजाडलें. फ्रान्सशीं १७९३ पासून युद्ध चालू होतें. १७९४ चें पीक बुडालें आणि पुढचा हिवाळा अति कडक गेला. गव्हाचा सरासरी भाव १७९२ सालीं क्वार्टरला ४३ शिलिंग होता. तो १७९५ मध्यें ७५ शिलिंगांवर गेला. ज्या घरांत मिळकतीचा पाऊण हिस्सा पिठांत जातो, त्या घरीं याचा अर्थ काय, हें निराळें सांगावयास नको.

६ मे १७९५ रोजीं न्यूबरीजवळ स्पीनहॅमलँड येथें पेलिकन नांवाच्या खाणावळींत परगण्यांतील मॅजिस्ट्रेट जमले. अध्यक्ष होते परगण्याचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि चार्ल्स डंडास. मजुरी ठरवून देण्याचा अधिकार जुन्या कायद्यानें त्यांना होता. तो वापरावा कीं नाहीं यावर विचार झाला, आणि तो वापरूं नये असें ठरलें. शेतकऱ्यांनीं आपण होऊन मजुरी वाढवावी, अशी नुसती शिफारस झाली. नंतर एक कोष्टक मंजूर झालें. ८ पौंड ११ औंस वजनाच्या पावाची किंमत एक शिलिंग असेल, तर पुरुषाच्या वांट्याला आठवड्यास ३ शिलिंग आणि बायको व प्रत्येक मूल यांच्यासाठीं दीड दीड शिलिंग पडलेच पाहिजेत. पाव एक पेनीनें महागला कीं पुरुषाला तीन पेनी आणि इतरांना एक एक पेनी अधिक. मजुरी कमी पडली तर उरलेली रक्कम गांवच्या गरीबपट्टींतून द्यावयाची.

बार्कमच्या त्या सात माणसांना हें कोष्टक लावून पाहावें. पाव एक शिलिंगाचा असतां त्यांचा हक्क १२ शिलिंगांचा होतो. डेव्हिसांच्या हिशेबानें त्यांची खरी गरज सवाअकरा शिलिंग होती. म्हणजे पेलिकनमधील मंडळींनीं गरज बरोबर ओळखली होती. पाव एक शिलिंग चार पेनींचा झाला, तर हक्क १५ शिलिंग. मिळकत साडेआठ शिलिंगच राहिली, तर साडेसहा शिलिंग गांवानें भरावयाचे. आजच्या भाषेंत हा महागाई भत्ताच होय. फरक एवढाच कीं, तो काम घेणाऱ्या मालकाच्या पेटींतून येत नव्हता.

सगळा घोटाळा या एका फरकांत होता. १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशनें, म्हणजे गांवानें, आपले गरीब आपण पोसावयाचे असत. गरीबपट्टी घरजमिनीवर बसे. एकहि मजूर न ठेवणारा लहान शेतकरी आणि दुकानदार ही पट्टी भरी, आणि दहा मजूर ठेवणारा मोठा शेतकरी कमी मजुरी देऊन उरलेला बोजा शेजाऱ्यांवर टाकूं शके. मजुरालाहि कष्ट वाढवून हातीं कांहीं लागत नसे, कारण जेवढें अधिक मिळवावें तेवढा भत्ता कमी होई. दुसऱ्या गांवीं जावें, तर निराधार झाल्यास तेथून परत मूळ गांवीं धाडण्याचा कायदा आडवा येई.

दुसरी वाट नव्हती असें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस सॅम्युएल व्हिटब्रेड यांनीं मजुरीची किमान मर्यादा ठरविण्याचें बिल पार्लमेंटांत आणलें. फेब्रुवारी १७९६ मध्यें प्रधान पिट यांनीं त्याला विरोध केला आणि तें बारगळलें. १८०० सालीं पुन्हां केलेला प्रयत्नहि फुकट गेला.

स्पीनहॅमलँडच्या या पद्धतीवर इतिहासकारांत बराच वाद झाला आहे. १८३४ च्या सरकारी चौकशी-अहवालानें मजुरी घटण्याचा आणि मजूर आळशी होण्याचा सर्व दोष भत्त्यावर टाकला. कार्ल पोलान्यी यांनीं १९४४ मध्यें तिच्याविषयीं फार कडक लिहिलें. मार्क ब्लॉग यांनीं १९६३ मध्यें आंकडे तपासून असें मांडलें कीं, मजुरी आधींच अपुरी होती आणि हिवाळ्यांत काम नसे, म्हणूनच भत्ता सुरू झाला. डेव्हिसांचे १७८७ चे जमाखर्च पाहतां हें म्हणणें सयुक्तिक वाटतें. पेलिकनची सभा भरण्याआधीं आठ वर्षें ती तूट वहीवर मांडलेली होती.

१८३० च्या नोव्हेंबरांत बर्कशायरचे मजूर उठले. हिवाळ्यांतलें हातानें मळणी करण्याचें एकमेव काम यंत्रांनीं घेतलें होतें. तीं यंत्रें त्यांनीं फोडलीं. मागणी होती दिवसाला दोन शिलिंग मजुरीची. गरीबपट्टीची वाढ त्यांनीं मागितली नाहीं. परगण्यांतील या दंग्याचें एक मुख्य ठिकाण किंटबरी हें होतें, आणि किंटबरी हेंच पेलिकनच्या सभेचे अध्यक्ष डंडास यांच्या निवासाचें गांव. किंटबरीच्या विल्यम विंटरबोर्न यास ११ जानेवारी १८३१ रोजीं रेडिंग येथें फांशी देण्यात आलें. इतर कित्येकांना काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियास धाडलें. १८३४ च्या नव्या कायद्यानें धडधाकट गरिबाला घरपोंच मदत देण्याचें धोरण सोडून त्याला दारिद्र्यगृहाचें दार दाखविलें.

या कथेचा शेवट जेम्स केअर्ड यांच्या पाहणींत आहे. १८५०–५१ मध्यें ते इंग्लंडभर हिंडले. उत्तरेकडील परगण्यांत मजुराला आठवड्यास सरासरी ११ शिलिंग ६ पेनी, दक्षिणेकडे ८ शिलिंग ५ पेनी, असें त्यांना आढळलें. ऐंशी वर्षांपूर्वीं उत्तरेची मजुरीच कमी होती. उत्तरेस खाणी आणि गिरण्या निघाल्या. शेतकऱ्यानें मजुरी वाढविली नाहीं तर मजूर तिकडे जाई. दक्षिणेच्या मजुराला जाण्यासारखें जवळ कांहींच नव्हतें.

महागाईचें मोजमाप करण्याची ही विद्या पुढें आपल्याकडेहि आली. मुंबई सरकारनें १९२१ सालीं लेबर ऑफिस स्थापिलें, आणि १९२३ मध्यें मुंबईच्या कामगार-कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी प्रसिद्ध झाली. आज निर्देशांकावरून ठरणारा महागाई भत्ता घरोघर ठाऊक आहे. तो येतो मालकाकडून, ही गोष्ट बर्कशायरच्या अनुभवानंतर लहान वाटूं नये.

म्हणून एखादा मुलूख स्वस्त आहे असें ऐकलें, तर तेथील घरभाडें विचारून थांबूं नये. तेथील मजुराच्या एका दिवसाच्या कष्टांत किती भाकरी येतात, त्याच्या गाईला चरावयास जागा आहे काय, चुलीला सरपण मिळतें काय, आणि हें काम न पटल्यास दुसरें धरण्याची त्याला मोकळीक आहे काय, हेंहि विचारावें. बार्कमच्या त्या घरीं भाडें थोडेंच होतें. महाग होती ती भाकरी, आणि ती महाग होती कारण ती पिकविणाऱ्या माणसाचें श्रम स्वस्त होते.