डुकराचा वाटा आणि गावाचा कारभार

प्रशासनाचा इतिहास म्हटला की आपल्याला जमाबंदी, सातबारा, कुळकायदा, पोलीस पाटील असे विषय आठवतात. ईशान्य भारतातील नागा टेकड्यांचा इतिहास वाचताना मात्र मला वारंवार एक वेगळाच विषय भेटत गेला, तो म्हणजे गावाने मिळून कापलेले डुक्कर आणि त्याच्या मांसाचे वाटे. वरवर पाहता हा खाद्यसंस्कृतीचा विषय वाटतो. थोडे खोलात गेल्यावर लक्षात येते की न्यायदान, दंडवसुली, मानमरातब आणि दुर्बलांचे पोषण ही शासनाची चार कामे या वाट्यांमधून होत असत.

ही माहिती आपल्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः दोन सनदी अधिकाऱ्यांमुळे. जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स हे दोघेही आय.सी.एस. अधिकारी. हटन यांचे अंगामी आणि सेमा या जमातींवरील ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाले. मिल्स यांचे लोथा जमातीवरील पुस्तक १९२२ चे, आओ जमातीवरील १९२६ चे आणि रेंगमा जमातीवरील १९३७ चे. नोकरी सांभाळून त्यांनी गावोगावचे रीतिरिवाज नोंदवले. त्यामागे साम्राज्याचा स्वार्थ होताच, कारण ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांचे कायदे माहीत असणे सोयीचे असते. तरीही कोणत्या प्राण्याचा कोणता भाग कोणाला मिळतो इतका तपशील लिहून ठेवण्याची चिकाटी दुर्मीळच म्हणावी लागेल.

नागा घरांत डुक्कर पाळले जाई ते घरातले उरलेसुरले अन्न, अळूची पाने व देठ आणि तांदळाच्या मद्याचा चोथा यांवर. ज्या घरात शिलकीची पेटी नव्हती, त्या घराची शिल्लक म्हणजे हे डुक्कर. लग्न, मरण, सण किंवा दंड असे निमित्त आले की ते कापले जाई. पुरुष मंडळी ते मारत, जाळावर धरून त्याचे केस भाजून काढत आणि मग मांस तोडून वाटे घालत. आपल्याकडे जत्रेच्या बोकडाचे वाटे घातले जातात हे खेड्यातल्या वाचकांना ठाऊक आहे. फरक इतकाच की नागा गावात वाट्याचा आकार आणि भाग यांवरून माणसाचा गावातील हुद्दा ठरे.

आओ जमातीच्या गावांचा कारभार ‘पुतू मेंदेन’ नावाची परिषद पाहत असे. तिच्या सदस्यांना ‘तातार’ म्हणत. ते वेगवेगळ्या कुळांचे प्रतिनिधी असत, आणि अनेक गावांत सुमारे ३० वर्षांनी संपूर्ण परिषद बदलून पुढच्या पिढीकडे कारभार जाई. परिषदेने कोणाला दोषी ठरवले की दंड बहुधा डुकराच्या रूपाने घेतला जाई. ते डुक्कर कापून सदस्यांमध्ये त्यांच्या मानाप्रमाणे वाटले जाई. सदस्याला वेगळा पगार नव्हता. मांसाचा वाटा हेच त्याचे मानधन. आपल्या बलुतेदारीत सुताराला, लोहाराला धान्याचा ठरलेला वाटा मिळे, त्याची इथे आठवण होते.

आधुनिक प्रशासकाला ही पद्धत रानटी वाटेल. मला तिच्यातली व्यावहारिक बुद्धी लक्षणीय वाटते. रोख दंड तिजोरीत जातो आणि तिजोरीतून कुठे जातो हे सामान्य माणसाला कळत नाही. डुकराचा दंड दिवसाढवळ्या वसूल होई, सर्वांसमक्ष तोडला जाई आणि लगेच संपे. त्याची साठवण करता येत नसे, म्हणून अपहारालाही फारसा वाव नसे. निकालपत्र लिहिणारे कोणी नव्हते, पण ज्या निकालाचे मांस गावातल्या प्रमुखांनी वाटून खाल्ले तो निकाल नंतर नाकारणे अवघड होते.

दुसरी संस्था म्हणजे पुण्यभोजनांची मालिका. जमातीगणिक तपशील वेगळे, पण सूत्र एकच. ज्याच्या कोठारात धान्य जास्त झाले त्याने गावाला जेवण घालायचे. लहान प्राण्यांपासून सुरुवात करून पुढच्या पायऱ्यांवर बैल आणि शेवटी मिथुन कापायचा. मोबदल्यात यजमानाला विशिष्ट नक्षीची शाल पांघरण्याचा, घरावर कोरीव लाकडी शिंगे लावण्याचा किंवा आपल्या नावाने मोठी शिळा ओढून आणून उभी करण्याचा अधिकार मिळे. संपत्ती खर्च झाली की प्रतिष्ठा मिळे. वर्षअखेर ज्याच्या घरी दाणा नाही त्यालाही मांसभात मिळे. संपत्तीकराचा हा एक स्वेच्छेचा प्रकारच होता.

अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी एडवर्ड क्लार्क १८७२ साली आओ प्रदेशात पोहोचले. त्यानंतरच्या दशकांत धर्मांतरितांना तांदळाचे मद्य आणि पुण्यभोजने वर्ज्य ठरली, कारण दोन्हींशी जुने देवधर्म जोडलेले होते. मिल्स यांनी या धोरणावर उघड टीका केली. भोजने थांबली की श्रीमंताचे धान्य गरिबाकडे जाण्याचा रस्ता बंद होतो, ही चिंता त्यामागे होती. मिशनमुळे शाळा आल्या, लिपी आली, हेही तितकेच खरे. पुढे तर चर्चनेच ती जागा घेतली. आज नाताळात आणि चर्चच्या वर्धापनदिनी नागा गावांत डुकरे कापली जातात आणि सारा गाव एकत्र जेवतो.

या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे दोष झाकू नयेत. दंडाचे मांस न्यायाधीशांनीच खायचे, म्हणजे दंड ठोठावण्यात त्यांचा हितसंबंध आला. शिवाय परिषदेत स्त्रियांना जागा नव्हती. डुक्कर वाढवायचे बाईने आणि वाटे ठरवायचे पुरुषांनी, अशी विभागणी होती. परंपरेच्या नावाने हा वाद आजवर चालला. नगरपालिकांतील स्त्रियांच्या ३३ टक्के आरक्षणावरून नागालँडमध्ये २०१७ साली मोठा उद्रेक झाला आणि आरक्षणासह निवडणुका व्हायला जून २०२४ उजाडले.

स्वतंत्र भारताने या रूढींना संविधानात जागा दिली. १९६२ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३७१-अ नागांच्या सामाजिक प्रथा आणि रूढीनुसार होणारे न्यायदान यांना संरक्षण देते. गावपरिषदेवर विकासाची जबाबदारी टाकण्याचा प्रयोग १९७६ साली फेक जिल्ह्यातील केत्सापो गावात झाला. ग्रामविकास मंडळांच्या या कल्पनेचे श्रेय अच्युत गोखले या मराठी आय.ए.एस. अधिकाऱ्याला दिले जाते. १९८० च्या नमुना नियमांनी मंडळात एक चतुर्थांश जागा स्त्रियांना दिल्या. सामूहिक वाटपाची सवय जिथे मुरलेली होती, तिथे सामूहिक निधी रुजला, असे मला वाटते.

आता मात्र एक नवीनच पेच उभा आहे. २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतात प्रथमच आढळला आणि नंतर ईशान्येत पसरला. माणसाला तो होत नाही, परंतु डुकरांसाठी तो बहुधा प्राणघातक असतो आणि त्यावर उपचार नाही. विषाणू मांसातही दीर्घकाळ टिकतो. म्हणजे ज्या वाट्यांनी गाव जोडले जाई, त्याच वाट्यांमधून रोग घरोघर जाऊ शकतो. नियमानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील डुकरे मारून पुरावी लागतात. ज्या प्राण्याचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी हक्काचा, तो कोणाच्याही वाट्याला न येता खड्ड्यात जातो.

असा आदेश काढणे अटळ असते. पण आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला एवढे माहीत असावे की तो नुसते पशुधन नष्ट करत नाही. तो कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचा दंड, कोणाचा नाताळ पुरतो आहे. म्हणून पथक गावात जाण्याआधी गावपरिषद आणि चर्च यांच्याशी बोलणी व्हावीत, नुकसानभरपाईच्या चर्चेत डुक्कर वाढवणाऱ्या स्त्रीला बसवावे आणि भरपाई तिच्या हाती वेळेवर पडावी. तसे झाले नाही तर आजारी डुक्कर रात्री गुपचूप कापले जाईल, त्याचे वाटे शेजारच्या गावात पोहोचतील, आणि रोगाला आवर घालणे कोणत्याही परिपत्रकाच्या आवाक्यात राहणार नाही.