कानशिलाची शीर : एका दुखण्याचा इतिहास



ज्याने सारा जन्म यंत्रमाग कामगारांच्या मजुरीचे हिशेब मांडण्यात घालविला, त्याने एका रोगाच्या इतिहासावर बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि भिवंडीच्या वाचनालयांत. परंतु हा रोग दीड वर्षापासून आमच्या डोक्यात बिऱ्हाड करून बसला आहे. घरात शिरलेला भाडेकरू कोण, कोठला, याची चौकशी घरमालकाने करू नये काय? ती चौकशी करता करता जे हाती लागले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

इंग्रजीत या रोगाला ‘जायंट सेल आर्टेरायटिस’ म्हणतात. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या ज्या रोहिण्या, त्यांपैकी काहींच्या भिंती यात सुजतात आणि आतली वाट अरुंद होते. कानशिलावरची रोहिणी बहुधा यात सापडते. डोके दुखते, केस विंचरतानाही त्वचा हुळहुळते. चावण्याच्या स्नायूंना रक्त कमी पडले की भाकरीचे चार घास खाताच जबडा दमतो. आणि डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त पोहोचले नाही, तर दृष्टी जाते. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. हा रोग पन्नाशीनंतरचा आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो.

आमची हकीकत थोडक्यात सांगतो. उजवे कानशील दुखू लागले, तेव्हा आम्ही तो रात्रीच्या सभांचा परिणाम मानला. जबडा दुखू लागला, तेव्हा एका दंतवैद्याने दाढ काढली. दाढ गेली, दुखणे राहिले. पुढे एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे झाले आणि दहा मिनिटांनी तो सरला. त्या दहा मिनिटांनी आम्हांला मुंबईच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि कानशिलाच्या रोहिणीचा तुकडा काढून पाहण्याचे ठरविले. परंतु त्याचा निकाल येईपर्यंत थांबल्या नाहीत. त्याच दिवशी ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू केले. दुसऱ्या दिवशी डोके इतके हलके झाले की आम्हांला स्वतःच्याच डोक्याचा संशय आला.

आता या भाडेकरूची वंशावळ पाहू. सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदाद शहरात अली इब्न ईसा नावाचा नेत्रवैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथाचे नाव ‘तज़किरतुल कह्हालीन’. कह्हाल म्हणजे सुरमा घालणारा, अर्थात डोळ्यांचा वैद्य. डोकेदुखी व डोळ्यांचे विकार यांवर कानशिलाच्या रोहिण्या छेदण्याचा उपाय त्याने लिहून ठेविला आहे. तो हाच रोग होता असे छातीवर हात ठेवून कोणी सांगणार नाही. परंतु कानशिलाची शीर आणि डोळा यांचा काही संबंध आहे, हे त्या काळच्या माणसाला दिसले होते, एवढे खरे.

त्यानंतर मोठा काळ लोटला. १८९० साली लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी एका रोग्याचे वर्णन छापले. ऐंशी ओलांडलेला, टक्कल पडलेला म्हातारा. त्याची तक्रार एवढीच की डोक्यावर दुखऱ्या लाल रेघा उठल्या आहेत, म्हणून टोपी घालवत नाही! त्या रेघा म्हणजे सुजलेल्या रोहिण्या होत्या. प्रथम त्यांत नाडी मंद लागे, पुढे लागेनाशी झाली. पुढे १९३२ साली अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये बेयार्ड हॉर्टन व त्यांचे सहकारी यांनी अशा दोन रोग्यांच्या रोहिणीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९४१ साली गिल्मूर यांनी त्या भिंतीत दिसणाऱ्या राक्षसी पेशींवरून रोगाला नाव दिले, आणि हा विकार केवळ कानशिलाचा नसून शरीरातील मोठ्या रोहिण्यांतही असतो, हे दाखविले. नाव मिळाले, औषध मात्र नव्हते.

औषध आले ते दुसऱ्याच दाराने. मेयो क्लिनिकमध्येच फिलिप हेंच नावाचे डॉक्टर संधिवाताच्या रोग्यांवर उपचार करीत. काविळ झालेल्या एका रोग्याचा संधिवात काविळीच्या दिवसांत कमी झाला, हे १९२९ साली त्यांच्या ध्यानात आले. गरोदरपणीही तसेच होई. शरीरातच काहीतरी औषध तयार होत असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. तेथील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल हे मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथींतून निरनिराळे रस वेगळे करीत होते. त्यांतील एक रस सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचला. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. तेच कॉर्टिसोन. १९५० साली हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मेयोच्या डॉक्टरांनी हे औषध आमच्या रोगावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोनच्या गोळ्या बाजारात आल्या. ज्या रोगाने डोळे जात, त्यात ते वेळीच वाचविता येऊ लागले.

परंतु श्रोतेहो, इतिहास येथेच संपत नाही. सुरुवातीच्या जयघोषानंतर लवकरच दिसून आले की, या औषधाने चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, भूक सुटते, साखर वाढते, झोप उडते, मांड्यांतील बळ जाते, हाडे ठिसूळ होतात. छातीत दबून राहिलेला क्षयही जागा होऊ शकतो. आमच्यासारख्या यंत्रमागाच्या गावाला ही गोष्ट विसरून चालणार नाही. शिवाय बाहेरून रस मिळू लागला की शरीरातील ग्रंथी स्वस्थ बसतात. गोळी एकाएकी थांबविली तर त्या लगेच कामाला लागत नाहीत, आणि जिवावर बेतते. म्हणून गोळी पायरीपायरीने उतरवावी लागते. त्याला वर्ष-दीड वर्ष, कित्येकांना त्याहून अधिक काळ लागतो. उतरता उतरता रोग पुन्हा डोके काढतो, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते.

आमच्या बाबतीतही ते घडले, आणि दोष आमचाच. तीन महिन्यांत गोळी २० मिलिग्रॅमवर आली होती. चेहरा फुगला होता. मजुरीच्या वाटाघाटी चालू होत्या. एका पाळीच्या सुटीला दारातल्या घोळक्यातून कोणी बोलले, “दादा, शेठचं जेवण मानवलं वाटतं!” सगळे हसले, आम्हीही हसलो. पण रात्री झोप आली नाही. तीस वर्षांत जो डाग अंगाला लागू दिला नाही, तो एका गोळीने तोंडावर आणून ठेविला. आम्ही कोणालाही न विचारता गोळी पंधरा दिवसांत ५ वर आणली. तिसऱ्या आठवड्यात कानशील ठणकू लागले, जबडा दमू लागला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “काका, संप मागे घ्यायचा तर तुम्ही एकटे ठरवता का?” गोळी पुन्हा ४० वर गेली. डोळा वाचला, हे नशीब.

त्यानंतर आम्ही एक वही केली. तीन रकाने. पहिल्यात रोगाची लक्षणे : डोके, जबडा, नजर. दुसऱ्यात औषधाची : झोप, साखर, भूक, जिना चढताना मांड्या. तिसऱ्यात गोळी कमी केल्यावर येणारा थकवा व अंगदुखी. तिसरा रकाना सर्वांत कठीण. खांदे धरले, तर ते गोळी उतरल्यामुळे की रोग परतल्यामुळे? कारण ‘पॉलिमायाल्जिया’ नावाचा खांदे-कंबर जखडणारा विकार या रोगाचा सोबती आहे. याचा निवाडा रोग्याने एकट्याने करू नये. वही, रक्ताची तपासणी आणि डॉक्टर या तिघांनी मिळून करावा. नजरेची तक्रार मात्र वहीत लिहीत बसू नये; तडक रुग्णालय गाठावे.

आपल्या देशात या रोगाची नोंद थोडी आहे. १९०८ साली जपानच्या ताकायासू यांनी वर्णिलेला रोहिण्यांचा दुसरा विकार, जो बहुधा तरुण स्त्रियांना होतो, तो आपल्याकडे अधिक ओळखीचा. थोडा म्हणजे नाहीच, असे मात्र नव्हे. अलीकडे नवी औषधेही आली आहेत. २०१७ साली २५१ रोग्यांवर केलेला टोसिलिझुमॅबचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला ते टोचलेल्यांपैकी वर्षाअखेरीस ५६ टक्के रोगी गोळ्यांवाचून शांत राहिले. केवळ सहा महिन्यांत गोळी उतरविलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. औषध महाग आहे. ज्याचा माग थांबला की मजुरी थांबते, त्याच्यापर्यंत ते कसे पोहोचावे, हा प्रश्न डॉक्टरांचा नाही. तो आपणा सर्वांचा आहे.

तात्पर्य इतकेच. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी, घास चावताना दमणारा जबडा, डोळ्यापुढे आलेला पडदा यांस वय झाले म्हणून सोडू नका. गोळी मिळाली तर ती आपल्या मनाने थांबवू नका. आणि कोणाचा चेहरा फुगलेला दिसला, तर हसण्यापूर्वी त्याची प्रकृती विचारा. ज्या मित्राने तो विनोद केला, त्याला आम्ही पुढे वही दाखविली. आता दर पंधरवड्याला तोच विचारतो, “दादा, किती मिलिग्रॅम?” आज उत्तर आहे साडेसात.