गोमेची मोजदाद

चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानास जवळजवळ दोन महिने अडविले, हे सर्वश्रुत आहे. त्या मुलखात दगडांखाली नांदणाऱ्या गोमेचा इतिहास मात्र कोणी विचारीत नाही. तिला शतपदी म्हणतात. पण दख्खनेतील स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स या जातीस पायांच्या २१ च जोड्या असतात! लिनियसने तिचे नामकरण १७५८ साली केले. तिच्या कुलाचा दख्खनपुरता आढावा जांगी व दास यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. तोवर १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मागोमाग पिंपरीच्या माळांवर कारखाने उभे राहिले होते. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसणाऱ्या या मातेचा दगडच उचलला गेला, तर तिची गणना कोठे करावयाची? खरी गोम येथेच आहे: मोजदाद मंद चालते, कुदळ वेगाने.