व्हेंटिलेटरमुक्ती (मण्यारदंशोत्तर)

मण्यारीच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडल्यावर व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या रुग्णाला पुन्हा स्वतःच्या श्वासावर आणण्याची प्रक्रिया. खानदेशात असे रुग्ण मुख्यतः पावसाळ्यात येतात. शिंदखेडा तालुक्यासारख्या (जि. धुळे) शेतीच्या भागात अनेक जण जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात आणि मण्यार रात्री हिंडते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास उथळ होतो.

कारण : विषातील बीटा-बंगारोटॉक्सिन मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. ती भरून येण्यास वेळ लागतो, म्हणून प्रतिसर्पविष दिल्यावरही आधीच आलेला लुळेपणा लगेच ओसरत नाही. निओस्टिग्मिन हे औषध नागदंशात गुणकारी आहे. मण्यारदंशातील उपयोगाबद्दल मतभेद आहेत. फुप्फुसे मात्र मुळात निरोगी असतात. श्वास अखंड चालू ठेवला, तर बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात.

वाहतूक : शिंदखेड्यात ग्रामीण रुग्णालय, दोंडाईच्यात उपजिल्हा रुग्णालय. पुढील उपचारांसाठी धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. १०८ रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून. श्वास मंदावू लागताच श्वासनलिकेत नळी घालून, वाटभर ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत रुग्ण नेणे हाच यातला निर्णायक उपचार होय.

अतिदक्षता विभागात : पूर्ण लुळ्या रुग्णाच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, प्रकाशाने आकसत नाहीत, बोटही हलत नाही. मेंदू मृत झाला असा समज येथे होऊ शकतो आणि तो घातक ठरतो. असा रुग्ण शुद्धीवर असू शकतो. खाटेजवळचे बोलणे त्याला ऐकू येत असते. म्हणून झोपेचे औषध द्यावे, पापण्या मिटत नसल्यास डोळ्यांत मलम घालावे, प्रत्येक कृतीपूर्वी रुग्णाला नावाने हाक मारून ती सांगावी. नातेवाइकांनाही बोलत राहण्यास सांगावे.

मशीन सोडवणे : रुग्ण डोके उशीवरून उचलून सुमारे ५ सेकंद धरू लागला, जोरात खोकू लागला, की उत्स्फूर्त श्वसनाची चाचणी घेतात. मशीनचा आधार किमान ठेवून ३० मिनिटे ते २ तास रुग्णाला स्वतः श्वास घेऊ देतात. मिनिटातील श्वाससंख्येला लिटरमधील श्वासाच्या आकारमानाने भागून येणारा आकडा १०५ पेक्षा कमी असणे अनुकूल मानतात (यांग व टोबिन, १९९१). मण्यारदंशात मात्र मानेची ताकद व गिळण्याची क्षमता यांना अधिक महत्त्व द्यावे. आकडे चांगले असूनही लाळ गिळता येत नसेल, तर नळी काढण्याची घाई करू नये. मात्र नळी दीर्घकाळ राहिल्यास न्यूमोनियाचा धोका वाढतो.

इतिहास : १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओ साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताने पिशवी दाबून रुग्ण जगवले.

पुनर्वसन : छातीची फिजिओथेरपी, टप्प्याटप्प्याने बसवणे व चालवणे.