महाभारताची चिकित्सक आवृत्ती : परस्परविरोधी पाठांचा निवाडा

२००५ मधील ‘गिट’ ही संगणकप्रणाली दोघांचे भिन्न बदल मूळ प्रतीशी ताडते. एकाच ओळीवरील वाद मात्र माणसालाच सोडवावा लागतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसमोर तर मूळ प्रतच नव्हती. वि. स. सुकथनकर यांनी परस्परांपासून स्वतंत्र अशा हस्तलिखित-परंपरांचे एकमत प्रमाण मानले. गणपती लेखनिक झाल्याची लोकप्रिय कथाही या कसोटीस उतरली नाही. ती आदिपर्वाच्या परिशिष्टात गेली. वगळलेला मजकूर तळटीपांत व परिशिष्टांत छापला गेला, हे विशेष. त्यामुळे संपादकाचा निर्णय पुन्हा तपासण्याची सोय अभ्यासकांना राहिली. १९४३ मध्ये सुकथनकर निवर्तले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले श्री. कृ. बेलवलकर यांनी संपादनाची धुरा स्वीकारली.