परत आलेले कापड : हेदवी, गिरणगाव आणि पानिपत

१/१४
पानिपत म्हटले की १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. त्याच पानिपतात गेली काही दशके जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे येतात, फाडले जातात आणि त्यांची ब्लँकेटे होतात. नको झालेल्या कापडाचे पुढे काय होते, हा प्रश्न ऑनलाइन खरेदीच्या काळात निर्माण झालेला नाही. त्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातील एक वाट कोकणातून जाते.

२/१४
गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरासाठी आणि समुद्रकाठच्या बामणघळीसाठी ओळखले जाते. या किनारपट्टीवर भात, नाचणी, नारळ, मासळी पिकत वा मिळत असे. कापूस मात्र पिकत नसे. कापड विकत आणावे लागे. त्यामुळे एकदा घरात आलेले कापड सहजासहजी घराबाहेर जात नसे.

३/१४
लुगडे नेसून नेसून विरले की त्याचे तान्ह्या बाळासाठी दुपटे होई. मऊ झालेले जुने सुतीच बाळाच्या अंगाला सोसते, हा अनुभव त्यामागे होता. उरलेल्या तुकड्यांची गोधडी होई : वर आणि खाली जुने लुगडे, मध्ये चिंध्यांचे थर आणि सर्वांना एकत्र धरणारा धावदोरा. गोधडीही झिजली की पोतेरे. शेवटची चिंधी काकड्यात जळे.

४/१४
या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. कापड वापरणारे, जुने ठरवणारे आणि त्याचे पुढे काय करायचे हे पाहणारे हात एकाच घरातले होते. टाकाऊपणाचा भार दुसऱ्यावर ढकलण्याची सोय तेथे नव्हती. हा भार दुसऱ्याच्या माथी मारण्याची पद्धत कोकणी माणसाने पाहिली ती मुंबईत.

५/१४
१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढील काही दशकांत गिरणगाव उभे राहिले आणि तेथे मजूर पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचे स्थान फार मोठे होते. दाभोळ, जयगडसारख्या बंदरांतून बोटीने माणसे मुंबईस जात आणि गावाकडे मनीऑर्डर येत. ज्या प्रदेशात कापड जपून वापरले जाई, तेथील माणसे आता रात्रंदिवस कापड तयार करू लागली.

६/१४
मागावरून उतरलेले कापड तपासले जाई. धागा तुटलेला, वीण विरळ झालेली, तेलाचा डाग पडलेला, असा दोष आढळला की ते कापड व्यापारी पूर्ण भावाने घेत नसत. आजच्या भाषेत हा ‘रिटर्न’ माल. त्याचा तोटा कोणी सोसायचा? मुंबईच्या अनेक गिरण्यांनी याचे उत्तर सोपे करून टाकले होते : विणकराने.

७/१४
खराब ठरलेले कापड विणकराच्याच हाती दिले जाई आणि त्याची किंमत पगारातून कापली जाई. म्हणजे ज्याने मजुरीसाठी कापड विणले, तोच त्याचा सक्तीचा गिऱ्हाईक होई. पैसे नकोत, कापडच द्या, असे त्याने कधी म्हटलेले नसे. ते मिळेल त्या भावाने विकावे किंवा घरी वापरावे, एवढेच त्याच्या हाती उरे. फरक भरून निघे तो त्याच्या खिशातून.

८/१४
दोष नेहमी विणकराचाच असे, असेही नाही. सूत कच्चे असेल, माग जुना असेल, तर निष्णात हातूनही कापड बिघडते. परंतु सुताचा दर्जा आणि यंत्राची निगा या गोष्टी कामगाराच्या अधिकारात नव्हत्या. निर्णय एकाचे आणि तोटा दुसऱ्याचा, अशी ही वाटणी होती. त्यामुळे दंड आणि वजावटी हा गिरणी कामगारांचा जुना सल होता.

९/१४
१९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने मुंबईतील गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली भारतातील कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. १९३१ च्या त्याच्या अहवालानंतर वेतनातील कपातीचा प्रश्न कायद्याच्या दारी आला.

१०/१४
१९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने कपातीला मर्यादा घातल्या. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नसावा, तो आकारण्यापूर्वी कामगाराला बाजू मांडू द्यावी आणि दंडाची रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्च व्हावी, असे ठरले. मालाच्या नुकसानीपोटीची कपातही कामगाराच्या हयगयीने झालेल्या नुकसानीपुरतीच सीमित झाली. परत आलेल्या मालाचा भार कोणावर, हा प्रश्न हिशेबाचा नसून न्यायाचा आहे, हे कायद्याने मान्य केले.

११/१४
शहरात जुन्या कपड्यांची वाट बोहारणीच्या पाटीतून जाई. कपडे द्यायचे आणि भांडे घ्यायचे. त्यावरची घासाघीस प्रसिद्धच आहे. मुंबईत हा व्यवसाय प्रामुख्याने गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजातील स्त्रियांनी केला. नेलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात येत. अगदी फाटके सुती कापड कारखान्यांत यंत्रे पुसायला जाई. दात्याला भांडे दिसे, पुढची मेहनत दिसत नसे.

१२/१४
फाटक्या लोकरीपासून नवे सूत काढण्याची युक्ती १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने साधली. या कापडास ‘शॉडी’ म्हणत. पुढे इंग्रजीत हा शब्द निकृष्ट या अर्थाने रूढ झाला. तोच धंदा पुढे पानिपतात वाढला. श्रीमंत देशांत दान केलेल्या कपड्यांचा मोठा भाग विकला जातो आणि त्यातील लोकरी माल येथे येतो. स्त्रिया गुंड्या आणि चेन काढतात, रंगवार ढीग लावतात. रंग आधीचाच असल्याने बराचसा माल पुन्हा रंगवावा लागत नाही. यंत्रे तो पिंजतात, सूत निघते आणि स्वस्त ब्लँकेटे तयार होतात. आपत्तीनंतर वाटली जाणारी ब्लँकेटे पुष्कळदा हीच असतात.

१३/१४
दानातही भार सरकतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून राहिले, कारण ते लोकांच्या उपयोगाचे नव्हते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने असे कपडे निवडून, धुऊन कामी आणले. निरुपयोगी सुती कापडापासून पाळीसाठीच्या घड्या केल्या. गावाने विहीर, रस्ता असे काम करावे आणि मोबदल्यात कपडे घ्यावेत, ही त्यांची रीत घेणाऱ्याचा मान राखते.

१४/१४
२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने हेदवीच्याच जिल्ह्यातील चिपळूण बुडाले. अशा वेळी ज्या घरातील स्वतःचेच कपडे चिखलात भिजले आहेत, त्या घराला न धुतलेल्या कपड्यांचे गाठोडे म्हणजे आणखी एक काम असते. परत केलेला सदरा असो वा दान केलेली साडी, ती कोणी तरी उघडते, तपासते, धुते आणि तिचा तोटा कोणाच्या तरी नावावर पडतो. गिरणगावात ते नाव विणकराचे होते. हेदवीच्या जुन्या घरात गोधडी शिवणारीला ते नाव माहीत असे, कारण ते तिचे स्वतःचेच होते.