गुलाबी घराचा खटला

अमेरिकेत माणसाच्या घराला सरकार हात लावू शकत नाही, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असतो. तसं काही नाही बरं का! सक्तीनं जमीन घ्यायचा अधिकार इथल्या सरकारलाही आहे, त्याला 'एमिनंट डोमेन' म्हणतात. घटनेच्या पाचव्या दुरुस्तीनं अटी दोनच घातल्या आहेत: जागा सार्वजनिक वापरासाठी हवी आणि मोबदला रास्त हवा. रस्ता किंवा शाळा असेल तर पहिल्या अटीवर फारसं भांडण होत नाही. पण एकाची जागा काढून दुसऱ्या खासगी मालकाच्या घशात घातली तर?

हा प्रश्न कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडन या छोट्या बंदराच्या गावात पेटला. १९९६ साली तिथलं नौदलाचं संशोधन केंद्र बंद झालं आणि दीड हजारावर नोकऱ्या गेल्या. १९९८ मध्ये फायझर कंपनीनं फोर्ट ट्रंबुल वस्तीला लागून मोठं संशोधन केंद्र उभारायचं जाहीर केलं. गावाला वाटलं, दिवस पालटणार! शेजारच्या ९० एकरांवर हॉटेल, ऑफिसं, नवी घरं असा आराखडा तयार झाला. बहुतेकांनी जागा विकल्या. नऊ मालक मात्र हटले नाहीत. त्यांत सुझेट केलो ही बाई होती. तिनं १९९७ मध्ये घेतलेलं गुलाबी रंगाचं घर पुढे देशभर गाजलं.

भांडण पैशाचं नव्हतंच. गावाला जास्त कर मिळावा एवढ्यासाठी धडधाकट घर पाडणं हा 'सार्वजनिक वापर' होतो का, एवढाच मुद्दा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ही मंडळी ४ विरुद्ध ३ मतांनी हरली. मग प्रकरण वॉशिंग्टनला गेलं आणि २३ जून २००५ रोजी तिथेही ५ विरुद्ध ४ अशी हार झाली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. त्यांनी १९५४ च्या एका खटल्याचा आधार घेतला. वॉशिंग्टनमधल्या एका दुकानदाराचं म्हणणं होतं की वस्ती गलिच्छ असेल, पण माझं दुकान नाही. तोही हरला होता. न्यायमूर्ती ओ'कॉनर यांनी विरोधी मत नोंदवलं. त्यांचा रोख असा, की याच न्यायानं कुठलंही घर पाडून तिथे मॉल उभारता येईल आणि फायदा वजनदार लोकांचाच होईल.

खरी गंमत पुढेच आहे. स्टीव्हन्स यांनी निकालातच म्हटलं होतं की राज्यांना हवे तर यापेक्षा कडक कायदे करता येतील. लोक इतके खवळले की चाळीसहून जास्त राज्यांनी आपापले कायदे बदलले. काही ठिकाणी बदल नुसता कागदावरचा, पण काही ठिकाणी चांगला दणकट. कोर्टात हरलेली बाजू विधानसभांत बरंच काही जिंकली.

आणि तो आराखडा? २००८ मध्ये गुलाबी घर सुटं करून गावात दुसरीकडे पुन्हा उभारलं. २००९ मध्ये फायझरनं न्यू लंडन सोडायचं जाहीर केलं. घरं पाडलेल्या जागेवर वर्षानुवर्षं गवत माजलं आणि भटक्या मांजरांनी संसार थाटले.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. १९२१ मध्ये मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा समोर १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याची सोय होतीच. खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही अट आपल्याकडे २०१३ च्या कायद्यात आली.

मी पेशानं इंजिनिअर. आमच्या नकाशावर घर म्हणजे एक चौकोन. तो पुसायला क्षणही लागत नाही, आणि प्रकल्प फसला तर नकाशा गुंडाळून आम्ही पुढच्या कामाला लागतो. ज्याचं घर गेलं त्याला ही सोय नसते. म्हणून मला वाटतं, मोबदला किती हे विचारण्याआधी प्रकल्प बुडाला तर जमिनीचं काय, हे करारात लिहून घ्यावं. तुम्हाला काय वाटतं?